चिडचिड गेली, आणि ‘नाही’ म्हणणेही गेले

प्रश्न

मुंबईच्या उपनगरात समुपदेशन करणाऱ्या एका वाचक भगिनीच्या दीर्घ पत्राचा हा गोषवारा आहे. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर त्यांनी संमोहन उपचाराचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला आणि गेली चार वर्षे त्या स्वतंत्रपणे काम करतात. चार महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे एका आयटी कंपनीत टीम लीड असलेले ३८ वर्षांचे गृहस्थ आले. रात्री साडेअकरापर्यंत परदेशी ग्राहकांचे कॉल, सकाळी पुन्हा लोकलची गर्दी आणि घरी असतील तेवढा वेळ चिडचिड, असा त्यांचा दिनक्रम होता. एका संध्याकाळी त्यांनी सहावीतल्या मुलीची कंपासपेटी भिंतीवर फेकली आणि त्या आवाजाने ते स्वतःच हादरले. आठ सत्रांनंतर त्यांची झोप सुधारली, घरातला आरडाओरडा थांबला आणि त्यांनी स्वतःच दिलेल्या गुणांनुसार राग दहापैकी नऊवरून तीनवर आला. नवव्या सत्रात मात्र ते म्हणाले, “मॅडम, आता मला काहीच वाटत नाही. साहेबांनी शनिवारही लावला, मी घेतला.” त्याच आठवड्यात त्यांच्या पत्नीचा फोन आला : “हे शांत झालेत, पण घरात नसल्यासारखेच असतात.” इकडे त्यांच्या कंपनीच्या एचआर विभागाने टीममधील २५ जणांसाठी सामूहिक संमोहनाची सत्रे घेण्याचा आणि प्रत्येकाचा ‘प्रगती अहवाल’ देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. पत्रलेखिका विचारतात : उपचार यशस्वी झाला असे समजायचे का? संमोहनात दिलेल्या सूचना आणखी बळकट कराव्यात की बदलाव्यात? कंपनीचे काम घ्यावे का? आणि संमोहनाने चिडचिड कायमची जाते, असे क्लायंटना सांगता येईल का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

राग नऊवरून तीनवर आल्याचे तुम्ही एका परिच्छेदात लिहिले आहे आणि शनिवार गेल्याचे दुसऱ्या परिच्छेदात. पहिली गोष्ट तुम्ही यशाच्या खात्यात मांडली आहे आणि दुसरी शंकेच्या. माझ्या मते या दोन्ही नोंदी एकाच खात्यातल्या आहेत, आणि त्या एकत्र वाचल्या की तुमचे बरेचसे प्रश्न आपोआप नव्याने मांडावे लागतात.

पत्रासोबत तुम्ही सत्रात वापरलेल्या सूचनांचा मजकूर पाठवलात, हे फार बरे केलेत. त्यातले एक वाक्य असे आहे : “साहेब काहीही बोलले, तरी त्याचा तुमच्या मनावर काहीही परिणाम होणार नाही; ते शब्द पाण्यासारखे वाहून जातील आणि तुम्ही आतून पूर्ण शांत असाल.” वाक्याला लय चांगली आहे आणि तुमचा आवाज संथ असणार हेही मी गृहीत धरते. पण ‘काहीही’ हा शब्द त्यात दोनदा आला आहे, आणि तुमच्या क्लायंटने तो अक्षरशः पाळला. साहेब शनिवारबद्दल बोलले, त्याचा परिणाम झाला नाही. मुलगी शाळेतली गंमत सांगत होती, बहुधा त्याचाही झाला नाही. ऐकणारा सूचनेचा गर्भितार्थ सोडून शब्दार्थच घेईल हा धोका असतो, म्हणून शब्द जपून निवडायचे, हे आपण अभ्यासक्रमात शिकतो आणि घाईच्या दिवशी विसरतो. मीही विसरलेली आहे.

तुमच्या पत्रात मला चार गृहीतके दिसली : चिडचिड हाच आजार आहे, शांतता हीच सुधारणा आहे, संमोहन ही आपण समोरच्यावर करण्याची गोष्ट आहे आणि या कामात आपला क्लायंट नेमका कोण याविषयी शंका नाही. ही फक्त तुमची नाहीत, आपल्या व्यवसायात ती सर्रास आढळतात. म्हणून त्यांचा विचार जरा सविस्तर करते.

आधी चिडचिडीबद्दल. चिडचिड घेऊन आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत डोळे मिटायला सांगणे मी आता बंद केले आहे. त्यामागे एक प्रसंग आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कार्यालयात लेखनिक असलेल्या बाई माझ्याकडे येत. हाताखालच्या माणसांवर ओरडणे, झोप न लागणे, छातीत धडधडणे, सगळी लक्षणे कामाच्या ताणाच्या चौकटीत चपखल बसत होती आणि तीन सत्रे आम्ही शिथिलीकरण करत राहिलो. चौथ्या सत्रात त्यांनी पाण्याचा पेला उचलला तेव्हा पेल्यातले पाणी थरथरताना दिसले. डिसेंबर महिना होता आणि बाईंना पंखा हवा होता. खुर्चीवर सैलावलेल्या हातातली बांगडी मागच्या महिन्यापेक्षा बरीच खाली घसरत होती. मग डॉक्टरांकडे पाठवले, रक्त तपासले आणि थायरॉइडचे प्रमाण वाढलेले निघाले. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत चिडचिड उतरली. माझ्या सूचनांचा त्यात काही वाटा असेल असे मला वाटत नाही, आणि ते तीन आठवडे त्यांचे वाया गेले याची बोच अजून आहे.

तुमच्या गृहस्थांची थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि रक्तदाब यांची तपासणी झाली आहे का, याचा पत्रात उल्लेख नाही. ते मोठ्याने घोरतात का आणि झोपेत श्वास अडकल्यासारखे दचकतात का, हे त्यांच्या पत्नीला विचारण्यासारखे आहे, कारण झोपेत श्वास थांबण्याचा विकार असलेला माणूस आठ तास झोपूनही सकाळी अंगावर येतो. दिवसाला चहा-कॉफी किती, रात्रीच्या कॉलनंतर मद्य घेतात का, सिगारेट सोडण्याचा प्रयत्न चालू आहे का, हे प्रश्न विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो; पण ते विचारल्याशिवाय दिलेली शांततेची सूचना अंदाजाने झाडलेली गोळी ठरते.

यापेक्षा तातडीची गोष्ट दुसरी आहे. “आता मला काहीच वाटत नाही” या वाक्याने मी सावध झाले. याचे तीन अर्थ संभवतात. एक, तुमच्या सूचनेने भावनांची धार सरसकट बोथट केली. दोन, हा कामातून आलेला पराकोटीचा थकवा आहे, ज्याला आपण बर्नआउट म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात शक्ती संपल्यासारखे वाटणे आणि कामगिरी घसरणे यांच्या जोडीला कामापासून मनाने तुटणे हे लक्षणही आहे, आणि हा आजार नसून कामाच्या ठिकाणाशी निगडित घटित आहे असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. तीन, हे नैराश्य असू शकते. पुरुषांमध्ये नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून दिसणे अजिबात विरळ नाही, आणि चिडचिड ओसरल्यावर खाली जी पोकळी उरते, ती शांतता समजली जाण्याचा धोका असतो.

यातले कोणते हे ठरवण्यासाठी संमोहनाची गरज नाही. जागेपणी साधे प्रश्न विचारा. रविवारी, फोन बंद असताना, त्यांना काही आवडते का? पूर्वी ते क्रिकेट बघत असतील, तर आता सामना चालू असताना स्कोअर विचारतात का? मासळी आवडीने खाणारा माणूस ताटातल्या सुरमईकडे लक्ष देतो का? कामाच्या दिवशी कोरडे आणि सुटीच्या दिवशी पुन्हा ओले होणारे मन वेगळे, आणि सातही दिवस कोरडे राहणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे दिसले, तर “जगणे नकोसे वाटते का, स्वतःला काही करून घ्यावे असे विचार येतात का” हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार माणसाच्या मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी असेल, किंवा नुसते टाळलेले वाटले तरी, त्याच दिवशी घरच्यांना विश्वासात घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचे. शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीत बोलता येते. तुम्ही समुपदेशक आहात, निदान करणे तुमच्या कक्षेत येत नाही; पण निदानाची वेळ आली आहे हे ओळखणे नक्कीच येते.

ही चाळणी पार पडली आणि पहिला किंवा दुसरा अर्थ खरा निघाला, तर सूचना बदलण्याचा प्रश्न येतो. इथे मला आपल्याच किनाऱ्यावरच्या एका माणसाची आठवण होते. गोव्यातील कांदोळी गावी १७५६ मध्ये जन्मलेले आणि पुढे संमोहनाचे आद्य अभ्यासक ठरलेले धर्मगुरू आबे फारिया तरुणपणी लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि समोरचा तो थाटमाट पाहून त्यांची बोबडी वळली, अशी आख्यायिका आहे. जवळच बसलेल्या वडिलांनी कोकणीत हळूच म्हटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” म्हणजे समोरचे हे सगळे नुसती भाजी आहेत, चिर ती भाजी; आणि फारिया धडाधड बोलू लागले. आपल्या व्यवसायातल्या लोकांनी ही गोष्ट नीट ऐकावी असे मला नेहमी वाटते. वडिलांनी मुलाला ‘तुला काही वाटणार नाही’ असे सांगितले नाही. जे काम करायला तो उभा राहिला होता, ते करण्याची आज्ञा त्यांनी दिली, तीही घरातल्या विळीवरच्या भाषेत. भीती कमी झाली ती जीभ मोकळी व्हावी एवढ्यापुरती. तुमच्या सूचनेने मात्र भीती, राग आणि जीभ ही तिन्ही एकाच गाठोड्यात बांधली गेली.

पुढे १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करताना याच फारियांनी एक गोष्ट लावून धरली. त्या काळी ‘चुंबकीय’ उपचार करणाऱ्या मेस्मर या वैद्याच्या अनुयायांचा असा समज होता, की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव समोरच्याच्या अंगात वाहतो. फारियांचे म्हणणे असे, की जे घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनाच्या शक्तीने घडते, प्रयोग करणाऱ्याकडे काही खास सामर्थ्य नसते. गंमत अशी, की पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ मध्ये उभारलेल्या त्यांच्या पुतळ्यात ते एका कोसळणाऱ्या स्त्रीवर दोन्ही हात पसरून उभे आहेत. पुतळा देखणा आहे. पण तो पाहून जाणाऱ्या पर्यटकाला ते आयुष्यभर जे सांगत राहिले त्याच्या नेमके उलटे वाटते. आपल्याकडे येणारा क्लायंटही बहुधा तोच पुतळा मनात घेऊन येतो, नाट्यगृहात पाहिलेल्या संमोहनाच्या प्रयोगांची त्यात भर पडते, आणि मग तो म्हणतो, “मॅडम, मला राग येणारच नाही असे काहीतरी करा.” ती मागणी आपण जशीच्या तशी स्वीकारली, की पुढची फसगत तिथूनच सुरू होते.

आता व्यवहाराचे. पुढच्या सत्रात खुर्ची मागे करण्याआधी, त्यांचे डोळे उघडे असताना, आधी दिलेली सूचना आपण बदलतो आहोत आणि का बदलतो आहोत, हे त्यांना साध्या शब्दांत सांगा. “मी जरा जास्तच शांतता मागितली होती” असे म्हणायला कमीपणा वाटू देऊ नका. मग संमोहनावस्थेत ती जुनी सूचना नाव घेऊन मागे घ्या : साहेबांचे शब्द तुम्हाला ऐकू येतील, त्यांचा अर्थ कळेल आणि त्याबद्दल तुम्हाला जे वाटायचे ते वाटेल. एवढ्यावर थांबा. त्या सत्रात नवे काही देऊ नका, आणि पुढचे सात दिवस काय काय ‘वाटले’ त्याची दिवसाला एक ओळ वहीत लिहायला सांगा. या आठवड्यात राग थोडा परत येईल. तो येणार आहे हे त्यांना आणि त्यांच्या परवानगीने पत्नीलाही आधी सांगून ठेवा, म्हणजे घरात घबराट होणार नाही.

त्यानंतर एकच प्रसंग निवडा. माझ्या मते रात्रीच्या जेवणाच्या वेळचा फोन योग्य ठरेल, कारण शनिवारच्या कामापेक्षा तो लहान आहे आणि रोज घडतो. त्या प्रसंगी म्हणायचे वाक्य जागेपणी, त्यांच्या तोंडून, त्यांच्या शब्दांत ठरवून घ्या. त्यांचे साहेब हिंदीत बोलत असतील, तर वाक्य हिंदीतच ठरवा. मराठीत घोटलेले वाक्य हिंदी संभाषणात ऐन वेळी सुचत नाही, हा माझा अनुभव आहे. मग संमोहनात तो प्रसंग उभा करा : ताटात अर्धी पोळी आहे, मुलगी गणिताची वही घेऊन शेजारी उभी आहे आणि टेबलावर उपडा ठेवलेला फोन थरथरतो आहे. “जबडा आवळला जातो आहे, ते तुम्हाला कळते आहे. हा राग आहे, त्याला असू द्या. आता श्वास पूर्ण सोडा, घाई न करता. हात ताटाजवळ आहे. फोन उचलायचा की नाही हे तुम्ही ठरवता आहात. उचललात, तर तुमच्या नेहमीच्या आवाजात एवढेच सांगता आहात : ‘जेवतो आहे, दहा वाजता फोन करतो.’ आणि फोन पुन्हा उपडा ठेवून तुम्ही वहीकडे पाहता आहात.” यात राग आहे, तो ओळखण्याची जागा आहे, शरीर सैल करण्याचे एक साधन आहे आणि शेवटी एक कृती आहे. तुमच्या आधीच्या मजकुरात शेवटची कृतीच नव्हती.

हे सगळे त्यांना तुमच्याशिवाय करता यावे, यासाठी स्वसंमोहन शिकवा, पण ते कुठे करायचे हेही ठरवून द्या. गर्दीच्या लोकलमध्ये दांडा धरून उभ्या माणसाला ‘डोळे मिटा’ म्हणणे निरर्थक आहे, आणि दुचाकी किंवा गाडी चालवताना तुमच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण ऐकणे धोक्याचे आहे, हे प्रत्येक क्लायंटला स्पष्ट बजावायला हवे. घरी पोहोचल्यावर लिफ्टमध्ये शिरण्याआधी इमारतीखालच्या बाकावर सात-आठ मिनिटे बसणे बहुतेकांना जमते. शेजारी काय म्हणतील ही अडचण निघतेच. मग गच्ची किंवा जिन्याचा वरचा टप्पाही चालतो.

मात्र कामाच्या ताणाला संमोहन हे सगळे उत्तर नाही, हे स्वतःशी मान्य असल्याशिवाय यातले काहीच नीट होणार नाही. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये एक मांडणी केली. कामाचा नुसता भार माणसाला जितका पोखरतो, त्याहून अधिक पोखरतो तो भार मोठा आणि त्यावरचा स्वतःचा ताबा लहान असण्याचा संयोग, असे तिचे सार आहे. या दृष्टीने एका सत्रात संमोहन बाजूला ठेवून कागद-पेन घ्या आणि त्यांच्या आठवड्याचे काम लिहून काढा. रात्रीच्या कोणत्या कॉलला त्यांचीच गरज असते, कोणता टीममधल्या दुसऱ्याला आळीपाळीने देता येईल, कोणत्या कॉलचे नुसते टिपण सकाळी वाचले तरी चालेल, हे त्यांनाच विचारा. घरकर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला ‘नाही म्हणायला शिका’ असे सांगणे फार स्वस्त असते. त्याचा ‘नाही’ महाग पडू शकतो, कधी नोकरीवरही येऊ शकतो, म्हणून तो कुठे, किती आणि कोणत्या शब्दांत वापरायचा याचा हिशेब त्याच्यासोबत बसून करावा लागतो. शनिवारबद्दल त्यांनी शेवटी ‘दोनच महिने चालवतो, मग बोलतो’ असे ठरवले, तरी तो त्यांचा निर्णय असेल. आज तसे म्हणता येत नाही.

‘चिडचिड कायमची जाते’ असे सांगता येईल का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. संमोहनाला वैद्यकीय मान्यतेचा इतिहास आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्येच त्याचा उपचारांतील उपयोग मान्य केला होता. वेदना, शस्त्रक्रियेआधीची धास्ती आणि आतड्याच्या चळवळ्या विकारात (आयबीएस) त्याचा उपयोग दाखवणारे संशोधन आहे. या विकारावरची मँचेस्टरमधली १९८४ ची चाचणी तर प्रसिद्धच आहे. कामाच्या ताणासाठी आणि रागासाठी मात्र पुरावा त्या मानाने पातळ आहे, आणि विचार-वर्तन उपचारासारख्या पद्धतीला जोड म्हणून ते वापरणे हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो. शिवाय संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक बदलते : मोजमापांनुसार साधारण १० ते १५ टक्के लोक फार सहज प्रतिसाद देतात, जवळपास तेवढ्याच लोकांवर फारसा परिणाम होत नाही आणि बाकीचे मध्ये कुठेतरी असतात. तेव्हा “याने तुम्हाला मदत होण्याची शक्यता आहे, चार सत्रांनंतर आपण दोघे मिळून पाहू आणि उपयोग दिसत नसेल तर मी दुसरा मार्ग सुचवीन” एवढेच आपण प्रामाणिकपणे म्हणू शकतो. ‘खात्रीशीर’ आणि ‘कायमचे’ हे शब्द तुमच्या फलकावर असतील, तर ते आजच पुसा. पूर्वी मनोविकृतीचा झटका येऊन गेलेल्या, उन्मादाचे चढउतार असलेल्या किंवा मधूनमधून भान हरपणाऱ्या व्यक्तीला मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीशिवाय संमोहनात नेऊ नये, हेही इथे नोंदवते.

याच संदर्भात, स्वतःसाठी संमोहन उपचार शोधणाऱ्या वाचकांनाही थोडे सांगायला हवे. उपचारकाला त्यांचे मूळ शिक्षण विचारा. संमोहनाचे प्रमाणपत्र हे त्यावरचे शिक्षण असावे, त्याऐवजीचे नसावे. पहिल्या भेटीत तुमची झोप, आजार, औषधे आणि कामाचे तास विचारले गेले नाहीत, तर घाई चालली आहे असे समजा. सोबत कोणी बसलेले चालेल का, हा प्रश्न विचारायला कचरू नका. सत्र चालू असताना तुम्ही कधीही डोळे उघडू शकता. संमोहन ही झोप नाही, तिथे कोणी तुमचा ताबा घेत नाही. चिडचिडीचे मूळ गेल्या जन्मात शोधून देऊ म्हणणाऱ्याला मात्र दुरूनच नमस्कार करा. संमोहनात ‘आठवलेल्या’ गोष्टीबद्दलची खात्री वाढते, तिचा खरेपणा वाढतोच असे नाही, आणि अशा आठवणींनी घरे मोडलेली मी पाहिली आहेत.

आता कंपनीच्या प्रस्तावाबद्दल. चार वर्षांच्या व्यवसायात एकगठ्ठा २५ जणांचे काम समोर आल्यावर ते सोडणे किती जड जाते, याची मला कल्पना आहे, खोलीचे भाडे दर महिन्याला द्यावेच लागते. तरीही हा प्रस्ताव आहे त्या स्वरूपात मी स्वीकारला नसता. बैठकीच्या खोलीत, शेजारी साहेब बसलेले असताना, एचआरने बोलावले म्हणून आलेला माणूस डोळे मिटतो तेव्हा त्याची संमती कितपत खरी असते? त्या २५ जणांपैकी एखाद्याला मध्येच हुंदका फुटला, तर तुम्ही त्याच्याकडे पाहाल की उरलेल्या चोवीस जणांकडे? आणि प्रगती अहवाल तर देऊच नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क मानला आहे. कायदा नसता तरी, ‘अमक्याचा राग सहावर आहे’ हे वाक्य त्या माणसाच्या वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी कोणाच्या टेबलावर असेल, याचा विचार पुरेसा आहे.

पण सरळ नकार देण्याआधी उलटा प्रस्ताव ठेवून पाहा. ताण, झोप आणि राग यांवर दीड तासाचे खुले सत्र, ज्यात सगळे जागे असतील, कोणालाही वैयक्तिक बोलावे लागणार नाही आणि श्वासाचा एखादा सराव ऐच्छिक असेल. ज्याला नंतर वैयक्तिक भेट हवी, त्याने कार्यालयाबाहेर यावे. शुल्क कंपनीने दिले तरी भेटींची नावे तिला कळणार नाहीत, हे लेखी असावे. तुमचे सध्याचे गृहस्थ त्याच टीममध्ये असल्याने ते तुमचे क्लायंट आहेत हे त्या सत्रात कोणत्याही रीतीने उघड होऊ नये. त्यांना तुम्ही तिथे आलेलेच नको असेल, तर हा उलटा प्रस्तावही सोडून द्यावा लागेल. आणि एचआरच्या बाईंना किंवा साहेबांना एक प्रश्न नम्रपणे विचारा : रात्री साडेअकराचे कॉल आळीपाळीने वाटणे शक्य आहे का? या प्रश्नाला ते कसे सामोरे जातात, त्यावरून त्यांना कामाचा ताण कमी करायचा आहे की फक्त तक्रारींचा आवाज, हे तुम्हाला कळेल.

राहिला पत्नीचा फोन. तुम्ही त्यांना काय उत्तर दिलेत हे पत्रात नाही. त्यांच्याशी बोलण्याआधी क्लायंटची परवानगी घ्यायला हवी आणि फोन आला होता हे त्यांच्यापासून लपवू नये. परवानगी मिळाली, तर दोघांना एकत्र एका सत्राला बोलवा आणि त्या दिवशी संमोहन ठेवू नका. “घरात नसल्यासारखे” म्हणजे नेमके काय, हे बाईंच्या तोंडून गृहस्थांनी ऐकायचे आहे.

आणि त्या कंपासपेटीचे पुढे काय झाले, हे मला पत्रात कुठेच सापडले नाही. मुलीला नवी आणून दिली, की तीच वाकलेल्या झाकणाची ती अजून शाळेत नेते? त्या संध्याकाळबद्दल वडील तिच्याशी कधी बोलले का? आठ सत्रांत त्यांचा आवाज खाली आला. पण त्या मुलीच्या दृष्टीने बाबा एकदा ओरडले, मग एकदम गप्प झाले, आणि दोन्हींचे कारण तिला कोणी सांगितलेले नाही. पुढच्या सत्राची सुरुवात तुम्ही त्यांना हेच विचारून करा.